वाड्याबाहेरचे निळूभाऊ

आपल्या घरातल्या विशी-पंचविशीतल्या मुलांना निळू फुले माहीत नाहीत असं नाही. माहीत आहेत, पण एका वाक्यापुरते. बाईंना वाड्यावर बोलावणारं ते वाक्य स्टिकर होऊन घराघरातल्या ग्रुपवर फिरतं. सोबत अर्धवट मिटलेले डोळे आणि तिरकी टोपी. ते वाक्य नेमकं कुठल्या सिनेमातलं, हे पाठवणाऱ्याला विचारलं तर सांगता येत नाही. सगळे हसतात आणि पुढच्या स्टिकरकडे वळतात. मला त्या हसण्याचा राग येत नाही. पण चाळीस वर्षं रंगमंचावर आणि पडद्यावर राबलेल्या माणसाची कमाई एवढ्यावर येऊन थांबावी, हे मनाला पटत नाही. शिवाय त्या वाक्यात बोलावली जाणारी बाई कोण, हा प्रश्न राहतोच.

मी वांकिडीची. ज्यांनी हे गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, महाराष्ट्राच्या हद्दीजवळचं मंडलाचं गाव. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ मध्ये आसिफाबाद वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेलं. आम्ही जुनी माणसं अजून आदिलाबादच म्हणतो. १९५६ ला राज्यांची नव्यानं आखणी झाली, त्याआधी राजुरा तालुका आमच्याच जिल्ह्यात होता. तो महाराष्ट्राच्या बाजूला गेला, आम्ही इकडे राहिलो. शेत इकडे, सोयरे तिकडे. शाळेत तेलुगू, घरी मराठी, बाजारात दोन्ही, आणि गोंडीचे चार शब्द प्रत्येकाच्या तोंडी.

मराठी सिनेमा आमच्यापर्यंत यायचा तो असाच, सोयऱ्यांसारखा. बोलावल्यावर, सणासुदीला. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८६-८७ च्या सुमारास, गणपतीत राजुऱ्याहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणत. घरटी वर्गणी व्हायची. रात्री तीन सिनेमे: पहिला मराठी, कारण म्हाताऱ्या माणसांना झोप लवकर येते, मग तेलुगू, आणि पहाटेपर्यंत जागणाऱ्या पोरांसाठी हिंदी मारामारीचा. पोत्यांवर बसून, अंगावर गोधडी घेऊन मी पहिल्यांदा निळू फुल्यांना पाहिलं. त्याहीपेक्षा जास्त पाहिलं ते माझ्या आजीला, त्यांना शिव्या देताना.

"आला मुडदा!" ते पडद्यावर आले की आजी म्हणायची. "आता त्या पोरीचं काही खरं नाही. याले कोनी झाडूनं हानत काहून नाही?" शेजारच्या बायाही तिला साथ देत. कुणी बोटं मोडत. सिनेमातला नायक कोण होता हे आजीच्या लक्षात राहत नसे, पण हा माणूस तिला पाठ होता. गावोगावच्या बायका निळूभाऊंवर खरोखर चिडत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. एका नटाला याहून मोठी पावती कोणती, असं पुढे अनेकांनी लिहिलं. आजीला पावती वगैरे द्यायची नव्हती. तिला तो माणूस खरोखर ओळखीचा वाटायचा.

तो तसा का वाटायचा, हे कळायला निळूभाऊ कुठून आले ते पाहावं लागतं. निळकंठ कृष्णाजी फुले, जन्म १९३० चा, पुण्याचा. घरची परिस्थिती बेताची. सतरा-अठराव्या वर्षी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून कामाला लागले. पगार महिना ऐंशी रुपये, आणि त्यातले दहा रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छा होती. पैशाअभावी ती राहिली. पुढची सगळी कारकीर्द ज्याने जमीनदार, सरपंच, साखरसम्राट रंगवले, तो माणूस दुसऱ्यांच्या बागेत पाणी घालत होता. सत्ता कशी बोलते हे त्याने खालून ऐकलेलं होतं. माझ्या मते निळूभाऊंच्या अभिनयाचं मर्म इथे आहे. अभिनयाच्या शाळेत हे शिकवत नाहीत.

सेवा दलाच्या कलापथकात त्यांचा अभिनय सुरू झाला. राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळीही त्याच मुशीतली. तमाशाचा साज घ्यायचा, गण-गौळण-बतावणी सगळं ठेवायचं आणि त्यातून लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी हसत हसत सांगायच्या, असा तो प्रकार. पुढे शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य आलं आणि ते गाजलं. त्यातलं निळूभाऊंचं काम पाहून दिग्दर्शक अनंत माने यांनी त्यांना 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात घेतलं. साल १९६८. म्हणजे पडद्यावर पहिल्यांदा आले तेव्हा ते अडतिशीत होते. हल्ली तेविसाव्या वर्षी आपलं काही होत नाही म्हणून रडवेली होणारी मुलं मी पाहते, तेव्हा हा आकडा मला आठवतो.

त्यानंतर कामं रांगेनं आली. 'सोंगाड्या', 'पिंजरा', आणि मग असंख्य ग्रामीण सिनेमे. बहुतेकांत त्यांना तेच ते करायला लावलं गेलं, हे कबूल करायला हवं. पाटील, त्याची नजर, गरीब घरची सून किंवा तमासगीर बाई, शेवटी मार. यातले कितीतरी सिनेमे आज बघवत नाहीत. त्यांत जे बरं आहे ते बहुतेक वेळा निळूभाऊच. स्टिकर याच ढिगातून आलेला आहे.

पण त्याच वर्षांत ते दुसरंही काही करत होते. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाईंडर' रंगमंचावर आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग. पुस्तकं बांधणारा एक माणूस नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरी आणतो, लग्न करत नाही, नियम सांगतो, आणि नियम पटले नाहीत तर दार उघडं आहे म्हणतो. निळूभाऊ सखाराम, कुसुम कुलकर्णी लक्ष्मी, लालन सारंग चंपा. काही प्रयोगांतच नाटक अडचणीत आलं, सेन्सॉरने हरकत घेतली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. सखाराम हा काही वाड्यावरचा पाटील नव्हे. तो मारतो, शिव्या देतो, पण खोटं बोलत नाही, आणि शेवटी स्वतःच मोडून पडतो. लोकनाट्यातल्या विनोदी नटाला या भूमिकेत घ्यायचं धाडस सारंगांनी केलं, आणि निळूभाऊंनी मराठी रंगभूमीला एक असा माणूस दिला ज्याचा तिरस्कारही धड करता येईना.

आणि मग 'सामना', १९७५. लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचं, त्यांचा पहिलाच चित्रपट. निर्माते कवी रामदास फुटाणे. तो बर्लिनच्या महोत्सवातही गेला होता. निळूभाऊ त्यात हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखाना आणि पंचक्रोशी मुठीत असलेला पुढारी. डॉ. श्रीराम लागू त्यात मास्तर, दारूत बुडालेले जुने स्वातंत्र्यसैनिक. मास्तर फिरत फिरत त्या गावात येतात आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं, एवढं एकच विचारत राहतात.

आमच्या गणपतीत 'सामना'ची कॅसेट आली ती चुकून. पोरांनी मागितला होता दादा कोंडक्यांचा सिनेमा. दुकानदाराने हा दिला. नाचगाणी फारशी नाहीत म्हणून पोरं कुरकुरत उठून गेली. म्हातारी माणसं बसून राहिली.

हिंदुराव मास्तरांना मारत नाही, हाकलत नाही. घरी नेतो. जेवू घालतो. दारू पाजतो. आपला कारखाना, आपली कामं कौतुकानं दाखवतो. आवाज चढवत नाही. मास्तरांनी तो प्रश्न विचारला की चेहऱ्यावर फार काही होत नाही, फक्त बोलणं आणखी मऊ होतं. मी दहा वर्षांची होते, मला राजकारण कळत नव्हतं. पण हा माणूस गोड बोलायला लागला की भीती वाटते, एवढं कळलं.

आजी त्या रात्री एकही शिवी बोलली नाही. मी तिच्याकडे बघत होते, कारण तिच्या शिव्या हाच माझा अर्धा सिनेमा असे. ती हाताची घडी घालून गप्प बसली होती. सिनेमा संपल्यावर घरी येताना म्हणाली, "असाच बोले तो. असाच."

तो म्हणजे कोण, हे मला आईकडून पुढे कळलं. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची दोन एकर जमीन होती, ओढ्याकाठची, कापसाची. गावातल्या एका मोठ्या माणसाने ती घेतली. भांडून नाही, मारून नाही. आजारपणात घरी येऊन बसायचा, ख्यालीखुशाली विचारायचा, पैसे देऊन जायचा. "भाऊ, तुमचं आमचं काय वेगळं हाय का?" असं म्हणायचा. एक दिवस अंगठा घेऊन गेला. त्या घरची चुलत आजी सकाळी त्याच्या दारात गेली कागद परत मागायला, तर तिला चहा दिला, आदरानं बसवलं आणि सांगितलं की संध्याकाळी या, निवांत बोलू. ती संध्याकाळी गेली नाही. का गेली नाही, हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला न सांगता कळत होतं.

म्हणून मला त्या स्टिकरवर हसता येत नाही. वाड्यावर बोलावणं येणं म्हणजे काय, हे आमच्या आधीच्या दोन पिढ्यांतल्या बायकांनी ऐकलेलं आहे. तेही आरडाओरडीत नाही, अगदी अशाच हलक्या, अदबशीर आवाजात. निळूभाऊंनी तो आवाज जसाच्या तसा पडद्यावर आणून ठेवला. इतर खलनायक डोळे वटारत, गडगडाटी हसत. त्यांची भीती सिनेमागृहातून बाहेर पडल्यावर संपे. निळूभाऊंची भीती घरी यायची, कारण ती घरूनच गेलेली होती.

आपल्या भागातल्या मुलांना हे आणखी जवळून समजावं. मराठी मुलखात वाडा, तसा तेलंगणात दोराचा गडी. दोरा म्हणजे इथला जमीनदार, गडी म्हणजे त्याची गढी. आमच्या गावच्या माणसाने हिंदुरावाकडे पाहिलं की त्याला पाटीलही दिसे आणि दोराही. वतनदारीतले पटेल-पटवारी आपल्याकडे १९८४ पर्यंत होते, एन. टी. रामारावांच्या सरकारने ती पद्धत मोडली. म्हणजे आम्ही पोत्यांवर बसून 'सामना' पाहिला तेव्हा ती गोष्ट फार तर तीन वर्षांपूर्वीची होती.

गंमत म्हणजे त्याच १९७५ साली तेलुगूत बापूंचा 'मुत्याल मुग्गू' आला, आणि त्यात राव गोपाल रावांचा कंत्राटदार. तोही ओरडत नाही. निवांत बसतो, चवीचवीनं बोलतो आणि माणसं संपवतो. दोन भाषांत, एकाच वर्षी, दोन चांगल्या नटांना एकच गोष्ट सापडली होती. आणि तुमच्या पिढीला चांगले ठाऊक असलेले कोटा श्रीनिवास राव? तेही रंगभूमीवरून आलेले, स्टेट बँकेत नोकरी केलेले. १९८५ च्या 'प्रतिघटना'त त्यांचा मंत्री काशय्या तेलंगणाच्या बोलीत बोलतो. मला ती भूमिका आवडते, आणि थोडी खुपतेही. सज्जनांनी शुद्ध बोलायचं आणि दुर्जनाने गावचं, ही वाटणी तेलुगू सिनेमात होती तशी मराठीतही होती. निळूभाऊंचा पाटीलही गावाकडचंच बोलायचा. 'मले-तुले' बोलणाऱ्या आम्हा सीमेवरच्या लोकांना पुण्या-मुंबईचे पाहुणे हसत, त्यात या सिनेमांचा वाटा नव्हता असं कसं म्हणू? निळूभाऊंचा यात दोष नाही, पण त्यांच्या यशाला ही एक बाजू आहे. कोटा १३ जुलै २०२५ ला गेले. निळूभाऊही १३ जुलैलाच गेले होते, २००९ मध्ये, पुण्यात, कर्करोगाने.

चरित्र अभिनेत्याची कारकीर्द हा मुळात अवघड प्रकार. पोस्टरवर चेहरा नाही, गाणं नाही, नायिका नाही. चार-सहा प्रसंग मिळतात आणि त्यांत एक आख्खा माणूस उभा करायचा असतो. निळूभाऊंनी असे किती उभे केले, ते पाहायचं असेल तर एकापाठोपाठ दोन सिनेमे बघावेत: 'सामना' आणि १९७९ चा 'सिंहासन'. दिग्दर्शक तेच, पटकथा तेंडुलकरांचीच, मूळ कादंबऱ्या अरुण साधूंच्या. 'सिंहासन'मध्ये निळूभाऊ सत्ताधारी नाहीत, पत्रकार आहेत. दिगू टिपणीस. मुख्यमंत्री, त्याला पाडायला निघालेले मंत्री, कामगार पुढारी, सगळ्यांच्या घरात हा माणूस जातो, खाली मान घालून ऐकतो, थोडंसं हसतो, निघून येतो. हिंदुरावाचे तेच मिटलेले डोळे इथे एका थकलेल्या साक्षीदाराचे होतात. शेवटी त्याचं जे होतं ते मी सांगणार नाही. माझ्या मुलीने हैदराबादला माझ्यासोबत बसून हे दोन्ही सिनेमे पाहिले. दुसरा अर्धा झाला तेव्हा तिने विचारलं, "आई, यात निळू फुले कधी येतात?"

'जैत रे जैत'मध्ये ते ठाकर पाड्यावरचे बाप आहेत. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकात म्हातारे गांधीवादी अप्पाजी, जे मुख्यमंत्री झालेल्या स्वतःच्या मुलाविरुद्ध उभे राहतात. वाड्यातला माणूस इतक्या वर्षांनी वाड्यासमोर उपोषणाला बसावा तसं ते होतं. हिंदीत 'कुली', 'मशाल' अशी कामं केली, पण लक्षात राहण्यासारखं १९८४ च्या महेश भट्ट यांच्या 'सारांश'मधलं. अनुपम खेर तिथे मुलगा गमावलेले म्हातारे मास्तर आहेत, आणि त्यांच्या घरावर दबाव आणणारा पुढारी गजानन चित्रे म्हणजे निळूभाऊ. हिंदीतल्या प्रेक्षकाला तो गुंड वाटला असेल. आम्हाला तो हिंदुरावाचा शहरात स्थायिक झालेला चुलतभाऊ वाटला. १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुरस्कारांबद्दल एवढं पुरे.

सेवा दलाला दहा रुपये देणारा माळी मात्र त्यांच्यातून कधी गेला नाही. चळवळीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला थोडं मानधन मिळावं म्हणून बाबा आढाव, डॉ. लागू आणि मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, त्यासाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग नामवंत नटांना घेऊन गावोगाव झाले, आणि निळूभाऊ त्यात होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते असत. अगदी शेवटच्या चित्रपटांपैकी एक, २००९ चा 'गोष्ट छोटी डोंगराएवढी', शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा आहे. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाला त्याचा विषय नव्यानं सांगायला नको.

आजी १९९८ मध्ये गेली. निळूभाऊ प्रत्यक्षात कसे होते, हे मी तिला एकदा वर्तमानपत्र वाचून सांगितलं होतं: माळी होते, गरिबांसाठी वर्गणी गोळा करतात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तवाच बापा त्याले इतकं ठाव होतं."

दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना वेळ असेल त्यांनी आधी 'सामना' पाहावा, मग 'सिंहासन'. शक्यतो घरातल्या एखाद्या सत्तरीच्या माणसाला शेजारी बसवा. बोली समजायला मदत होईलच; पण मधूनच ते काही बोलले, कुणाचं नाव घेतलं, कुठल्या शेताचा उल्लेख केला, तर सिनेमा थांबवा आणि ते नीट ऐकून घ्या.